मोठी गाडी येते आहे. आपले गॅरेज तयार आहे काय?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कोठेही चार व्यापारी चहाला बसले की कापसाचा भाव आणि मुलामुलींची लग्ने यांच्यानंतर तिसरा विषय निघतो तो गाडीचा. पूर्वी प्रश्न असे, "कोणती घेतली?" आता प्रश्न असतो, "घ्यावी की थांबावे? पुढची येते आहे म्हणतात." ती सात माणसांची असेल, उंच असेल, काचेच्या छताची असेल, डिझेलवर चालेल की विजेवर, यावर पैजा लागतात. ज्याच्या दारात फक्त मोपेड आहे तोही या चर्चेत मागे नसतो. त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही.

पण ही चर्चा ज्या टपरीवर चालते, तिच्या शेजारीच बहुधा आपल्या बिरादरीतील एखाद्या उस्तादांचे गॅरेज असते. पलीकडे डेंटर-पेंटर, त्याच्या पलीकडे सीटकव्हरवाला, टायरवाला, रेडिएटरवाला, एसीवाला. येणाऱ्या गाडीची वाट पाहणारे खरे तर दोन आहेत. एक ती विकत घेणार, दुसरा ती दुरुस्त करणार. पहिल्याला सांगायला जाहिराती आहेत, शोरूम आहेत. दुसऱ्याला कोणी काही सांगत नाही. म्हणून आजचे चार शब्द मुख्यतः दुसऱ्यासाठी आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की पुढच्या मोठ्या गाडीचे अंग कसे असेल आणि तिच्या पोटात कोणते इंजिन असेल हे आजच बऱ्यापैकी ओळखता येते. ज्या कारागिराने ते आज ओळखले आणि शिकायला सुरुवात केली, त्याचा धंदा टिकेल. जो गाडी दारात येईपर्यंत थांबेल, त्याच्या हाती पंक्चर आणि धुलाई उरेल.

हे पहिल्यांदा होत नाही

ज्यांचे केस आता पांढरे झाले आहेत त्या उस्तादांना आठवत असेल. पुण्याहून टाटांची सिएरा १९९१ मध्ये आली, १९९४ मध्ये सुमो आली, १९९८ मध्ये सफारी आली. नाशिकच्या कारखान्यातून महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ मध्ये निघाली. प्रत्येक वेळी गॅरेजात हेच बोलले गेले, "ही आपल्या हातची नाही, कंपनीतच जाणार." आणि प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षांत ती गाडी आपल्याच गॅरेजच्या खड्ड्यावर उभी राहिली. आपल्या मुलांनी ती उघडून उघडून शिकून घेतली.

मात्र दोनदा असेही झाले की काही जण मागे राहिले. पहिल्यांदा कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर आले तेव्हा. कानाने आवाज ऐकून कार्ब्युरेटर लावणारे नामांकित हात होते. त्यांतील जे संगणकाला घाबरले ते बाजूला पडले. दुसऱ्यांदा डिझेलमध्ये कॉमन रेल आले तेव्हा. जुन्या पंपाचे काम करणाऱ्या कितीतरी पंप रूम ओस पडल्या. ज्यांनी नवी मशीन घेतली, नवे काम शिकून घेतले, त्यांच्याकडे आजही दूरदूरहून गाड्या येतात. हुनर दोघांकडे सारखाच होता. फरक एवढाच की एकाने वेळेवर शिकून घेतले.

आता तिसरी वेळ येते आहे. ती आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी आहे, कारण यावेळी एखादा सुटा भाग बदलत नाही, इंजिनच बदलते आहे.

खुणा कोठे दिसतात

आम्हाला ज्योतिष येत नाही. पण कारखान्यांनी स्वतःच रस्त्यावर आणलेल्या गाड्या आणि जाहीर केलेले नमुने पाहिले तर दिशा कळते. आपल्या राज्यातील चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या. त्यांच्याच पायावर तीन रांगांची, सात माणसांची एक्सईव्ही ९एस नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. तेव्हा तिची सुरुवातीची शोरूम किंमत १९ लाख ९५ हजार रुपये होती. टाटांनी जून २०२५ मध्ये हॅरियर विजेवर आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा हे जुने नाव नव्या अंगाने परत आले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत महिंद्रांनी चार नमुने दाखवले आणि सांगितले की या गाड्या २०२७ पासून येऊ लागतील. त्यांचा एकच पाया पेट्रोल, डिझेल, हायब्रिड आणि वीज अशा वेगवेगळ्या इंजिनांना चालेल असा बांधलेला आहे. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. ही कंपनी हायब्रिडमध्ये मुरलेली आहे. त्याच शहरात स्कोडाची कोडियाक ही सात माणसांची महागडी गाडी जोडली जाते.

या सगळ्याचा मेळ घातला तर पुढच्या मोठ्या कौटुंबिक गाडीचे चित्र उभे राहते. ते दोन भागांत पाहू. आधी अंग, मग इंजिन.

अंग कसे असेल

पुढची गाडी लांब, चौकोनी आणि समोरून उभी असेल. जुन्या सफारी-सिएराचा ऐटबाज चौकोनीपणा लोकांना पुन्हा आवडू लागला आहे. समोर आणि मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दिव्याची पट्टी राहील. दाराच्या मुठी अंगात बुडालेल्या असतील. चाके १८ ते २० इंचांची, छत काचेचे, आणि डॅशबोर्डवर एकाला लागून एक पडदे. आत मधली रांग पुढे-मागे सरकणारी, सीटला गार हवा देणारे पंखे, मागच्या रांगेलाही एसी. गिरडला बाबा फरीदांच्या दर्ग्यावर किंवा नागपूरला दवाखान्यात सगळे घर एकाच गाडीत नेता यावे, म्हाताऱ्या आईला चढता यावे, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. ती पुरी होईल.

आता हीच यादी कारागिराच्या नजरेने वाचा.

समोरच्या काचेच्या मागे कॅमेरा असतो आणि बंपरच्या मागे रडार. हे दोघे समोरची गाडी ओळखून ब्रेक लावतात. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. नाही जुळवला तर गाडी चुकीच्या वेळी ब्रेक लावेल किंवा मुळीच लावणार नाही. बंपरवर रडारच्या समोर पुट्टीचा जाड थर दिला आणि वरून रंग मारला तर रडार आंधळे होते. आजवर बंपर भरून रंगवणे हे डेंटर-पेंटरचे रोजचे काम होते. यापुढे कोठे भरायचे आणि कोठे बदलायचे हे त्याला माहीत असले पाहिजे.

गाडीचे खांब आणि दाराखालची पट्टी यांत आता फार कडक पोलाद वापरतात. ते कारखान्यात विशिष्ट रीतीने तापवून दाबलेले असते. त्याला गॅसची ज्योत दाखवून ठोकून सरळ केले तर ते दिसायला सरळ होते, पण त्याची ताकद निघून जाते. पुढच्या अपघातात तोच खांब कागदासारखा दुमडेल. अशा जागी तापवणे बंद. तो भाग कापून कंपनीने सांगितलेल्या जागीच जोडावा लागतो. हे काम शिकलेला डेंटर उद्या दुप्पट मजुरी मागू शकेल आणि ती त्याला मिळेल.

सीटकव्हरवाल्या बांधवांनी तर आजच कान देऊन ऐकावे. बहुतेक नव्या गाड्यांत सहा एअरबॅग असतात आणि पुढच्या सीटच्या बाजूला एक एअरबॅग शिवलेली असते. त्यावर जाड रेक्झीनचे घट्ट कव्हर घातले तर ती वेळेवर फुटणार नाही. कव्हर शिवताना त्या बाजूला मोकळी जागा सोडावी लागते किंवा सहज उसवणारी शिवण घालावी लागते. हवा देणाऱ्या सीटवर न छिद्रांचे कव्हर घातले तर गिऱ्हाइकाने ज्यासाठी पैसे मोजले तेच बंद होते. शिवणारा तोच, दोराही तोच. फक्त आत काय आहे हे जाणून शिवायचे आहे.

टायरवाल्यांना मात्र ही गाडी बरकत घेऊन येते आहे. विजेची मोठी गाडी तिच्या बॅटरीमुळे बरीच जड असते आणि तिचा जोर पहिल्या क्षणापासून असतो. टायर लवकर झिजतात. त्यात आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. ताशी १२० चा वेग, सिमेंटचा रस्ता आणि वर्ध्याचा उन्हाळा एकत्र आले की टायरची हवा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या चैनीच्या गोष्टी राहत नाहीत. येळाकेळीला किंवा विरूळला महामार्गावर चढण्याआधी टायर तपासून देणारा प्रामाणिक माणूस पाहिजे. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत तो माणूस जीव वाचवतो.

पोटात काय असेल

इंजिनाबाबत लोकांना एक उत्तर हवे असते. आमचे उत्तर असे आहे की एक नसेल. एकाच अंगात दोन-तीन प्रकारची इंजिने मिळतील आणि गिऱ्हाईक आपल्या वापराप्रमाणे निवडेल. म्हणून गॅरेजलाही चारही मार्ग ओळखावे लागतील.

पहिला, डिझेल. लांब पल्ला, भरलेली गाडी, घाट यांसाठी अजून डिझेलला तोड नाही आणि मोठ्या गाड्यांत ते इतक्यात जाणार नाही. पण एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ही काजळी गाडी लांब आणि जोरात चालली तरच जळते. जो व्यापारी रोज घर ते दुकान दोन किलोमीटर जातो, त्याची जाळी तुंबणारच. ती काढून फेकणे हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. अशा गिऱ्हाइकाला "शेठ, तुम्ही डिझेल घेऊ नका" असे सांगणारा मेकॅनिक खरा मेकॅनिक.

दुसरा, लहान पण टर्बो लावलेले पेट्रोल इंजिन. नव्या सिएरातील टर्बो पेट्रोल इंजिन दीड लिटरचे आहे आणि त्याची ताकद १६० पीएस आहे. पूर्वी एवढ्या ताकदीला याच्यापेक्षा कितीतरी मोठे इंजिन लागे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. अशा इंजिनात ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घालावे लागते आणि वेळेवर बदलावे लागते; "आणखी हजार किलोमीटर चालू द्या" येथे चालत नाही. झडपांवर कार्बन बसतो, तो साफ करण्याचे काम वाढेल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला धरून बनलेल्या आहेत, पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील तपासण्याचे काम गॅरेजकडे येणार आहे.

तिसरा, हायब्रिड. यात पेट्रोल इंजिनही असते आणि विजेची मोटरही. बॅटरी गाडी स्वतःच चार्ज करते, प्लग लावावा लागत नाही. इनोव्हा हायक्रॉस ही आपल्याकडे सर्वांच्या पाहण्यातली. अशा गाडीत ऑइल, फिल्टर, सायलेन्सर, रेडिएटर सगळे राहते. म्हणून आपल्या गॅरेजला हा मार्ग सोपा. पण टोयोटाच्या पद्धतीत स्टार्टर, ऑल्टरनेटर आणि क्लच प्लेट नसतात आणि मोठ्या बॅटरीची वायर जिवावर बेतू शकते. कित्येक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला गार ठेवणारी हवा आतूनच, सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. ती जाळी धुळीने किंवा कव्हरने बंद झाली की बॅटरी तापते. दहा मिनिटांच्या साफसफाईने मोठा खर्च वाचतो. हे गिऱ्हाइकाला सांगितले तर तो जन्मभर आपला.

चौथा, निव्वळ वीज. यात इंजिन ऑइल नाही, इंजेक्टर नाही, टर्बो नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. ज्यांची चूल या पाच गोष्टींवर पेटते त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मात्र सस्पेंशन आहे, स्टिअरिंग आहे, ब्रेक आहेत, कूलंट आहे, बारा व्होल्टची लहान बॅटरी आहे, एसी आहे, दारे-काचा-रंग आहेत. विजेच्या गाडीत मोटरच गाडीचा वेग कमी करते, म्हणून ब्रेक पॅड उशिरा झिजतात. पण वापर कमी झाल्याने कॅलिपर जाम होतात, ते साफ करावे लागतात. एसीवाल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विजेच्या आणि हायब्रिड गाडीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारे वेगळे ऑइल लागते. नेहमीच्या गाडीचे ऑइल त्यात गेले, अगदी त्याच मशीनच्या पाइपमधून थोडे जरी गेले, तरी विजेची गळती होऊन गाडी बंद पडते आणि लाखाच्या घरात खर्च येऊ शकतो. पाच मिनिटांची माहिती नसल्याने नाव जाते.

हिशोब कोणाचा बसतो

तोंडी गप्पांपेक्षा हिशोब बरा. समजा मोठी विजेची गाडी एका युनिटला ६ किलोमीटर जाते आणि घरचे युनिट १० रुपयांना पडते. किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत खर्च. तेवढीच डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर गेली आणि लिटर ९० रुपये धरला, तर साडेसात रुपये. रोज वर्धा-नागपूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. ज्याची गाडी महिन्यातून दोनदाच निघते त्याला तो फरक किंमतीत कधीच वसूल होणार नाही. ७९ युनिटची बॅटरी घरच्या ७ किलोवॅटच्या चार्जरवर रिकामीपासून पूर्ण भरायला अकरा-बारा तास लागतात, म्हणजे रात्र. ज्यांच्या घराला स्वतःची पार्किंग आणि पक्का विजेचा जोड नाही, त्यांनी हायब्रिडचाच विचार करावा.

सरकारी कराचाही कल पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, विजेच्या गाडीवर ५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मोटार वाहन करात सूट आणि समृद्धीसारख्या रस्त्यांवर टोलमाफी ठेवली आहे. एवढे वजन एका पारड्यात पडले की बाजार तिकडे झुकतोच. विजेची गाडी पुणे-मुंबईचा शौक आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी एक कलम नीट वाचावे. काही कंपन्या बॅटरीची आयुष्यभराची हमी देतात, पण ती पहिल्या मालकाला. गाडी विकली की हमीची मुदत बदलते. तीन वर्षे जुनी विजेची गाडी घेताना रंग आणि किलोमीटर पाहून भाव ठरवला तर फसगत होईल. बॅटरीची तब्येत मशीनवर तपासून, हमीचा कागद वाचून मगच सौदा करावा, आणि विकताना गिऱ्हाइकालाही ते उघड सांगावे. दोष लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

दोन कडू शब्द

घेणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. वीस-पंचवीस लाखांची गाडी सात वर्षांच्या व्याजी हप्त्यावर घेऊन दारात उभी करायची आणि दुकानात मालाला पैसे नाहीत म्हणून उधारी मागायची, असे प्रकार आपल्यात वाढले आहेत. व्याजाबद्दल दीन काय सांगतो ते सर्वांना ठाऊक आहे. व्यापाराची अक्कलही तेच सांगते. गाडी पहिल्या दिवसापासून उतरते, हप्ता उतरत नाही. ज्याच्या कामाला गाडी लागते आणि ज्याच्याजवळ रोख आहे त्याने खुशाल घ्यावी. अल्लाहने दिले असेल तर त्यात संकोच कसला? पण शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणे हा इस्राफ आहे.

दुसरे, लग्नाच्या बोलणीत या गाड्यांची नावे येऊ लागली आहेत. "मुलाला मोठी गाडी आवडते" असे हसत हसत सांगितले जाते आणि मुलीचा बाप दुकान गहाण टाकतो. मागणाऱ्याने त्याला हुंडा म्हणो वा तोहफा म्हणो, तो जुलूमच आहे. गाडी कितीही देखणी असली तरी अशा पैशांवर ती दारात येऊ नये.

हक्क आणि तयारी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणी म्हणेल, शिकून काय उपयोग? नव्या गाडीची मशीन, पासवर्ड, सुटे भाग सगळे कंपनीच्या मुठीत. हे म्हणणे खोटे नाही. पण पूर्ण खरेही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच होते की त्या सुटे भाग आणि दोष तपासण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण स्वतंत्र मेकॅनिकचा हक्क त्या निकालाने कागदावर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे. हक्क एकट्या माणसाने मागून मिळत नाही. जिल्ह्यातील गॅरेजवाल्यांची, सर्व धर्मांच्या गॅरेजवाल्यांची, एक संघटना असावी आणि तिने कंपन्यांकडे दुरुस्तीची माहिती लेखी मागावी.

केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तीत अठरा पारंपरिक धंदे आहेत. लोहार आहे, कुलूपवाला आहे, शिंपी आहे. मोटार मेकॅनिक नाही. आमच्या मते तो असला पाहिजे. हातोडा-पान्यावर पोट भरणारा हा माणूस कोणत्या अर्थाने विश्वकर्मा नाही? आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरावा. वर्ध्याच्या मातीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. कारागिराच्या हाताला काम हाच त्याचा विचार होता. त्या जिल्ह्याने ही मागणी केली तर ती शोभेलही.

सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. पाच गॅरेजवाल्यांनी शिरकतीत एक चांगला स्कॅनर, हजार व्होल्टचे हातमोजे, त्याच दर्जाचा मल्टिमीटर आणि वीज न वाहणारे पाने घ्यावेत. एकाला परवडणार नाही, पाचांना परवडेल, आणि व्याजही भरावे लागणार नाही. प्रत्येक गॅरेजने एक होतकरू शागिर्द निवडून शिकायला पाठवावा. आयटीआयच्या अभ्यासक्रमात विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र विषय आला आहे; तो आपल्या जवळच्या संस्थेत सुरू करावा म्हणून अर्ज द्यावा. शिकून येईपर्यंत एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा: नारिंगी वायरला हात लावायचा नाही. ती मोठ्या बॅटरीची वायर असते, तिच्यात शेकडो व्होल्ट असतात आणि गाडी बंद केल्यावरही काही मिनिटे ते राहतात. शिकलेला माणूसही आधी बॅटरीचा जोड तोडतो, कंपनीने सांगितलेली वेळ थांबतो, मीटरने तपासतो आणि मगच हात घालतो. येथे अंदाज पंचे चालत नाही. कमाई परत येईल, हात परत येणार नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी. केलेल्या कामाचे बिल द्यावे आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे. नव्या गाडीचा मालक लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा आपले गॅरेज स्वस्त असते हे सर्वांना माहीत आहे. ते भरवशाचेही असते हे कागदावर दिसले पाहिजे.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम बादशहा होते, तरी ते हाताने चिलखते बनवून आपल्या कमाईची भाकर खात, असे आपण ऐकत आलो आहोत. लोखंड त्यांच्या हातात मऊ होत असे. आपल्या हातात ते आपोआप मऊ होणार नाही, शिकून करावे लागेल. पुढची मोठी गाडी चाकणहून येवो, पुण्याहून येवो की औरंगाबादहून, ती येणार हे नक्की. हमीची मुदत संपल्यावर ती कोणाच्या तरी गॅरेजसमोर उभी राहीलच. त्या दिवशी गाडीचा मालक "उस्ताद, जमेल काय?" असे विचारील. तेव्हा आपल्या उस्तादांना "जमेल, इन्शाअल्लाह" एवढे छातीवर हात ठेवून सांगता यावे, यासाठी तयारी याच महिन्यात सुरू झाली पाहिजे.